उन्हाळी पायजमा आणि मग्यार कुर्ती घरी शिवताना: चूक बेतताना होते, मशीनवर नाही

घरी शिवलेला पायजमा पहिल्याच धुण्यात घोट्याच्या वर चढतो. कुर्तीचा गळा डोक्यातून जात नाही, किंवा जातो आणि मग दिवसभर खांद्यावरून घसरत राहतो. कौतुकाने दोन पाय कापले आणि दोन्ही उजवेच निघाले. दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणी ना कुणी हेच तीन प्रकार पिशवीत घालून माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “मला मशीन नीट जमत नाही.” मशीन जमलेलं असतं. टिपा सरळ असतात. चूक झालेली असते बेतताना, किंवा त्याच्याही आधी, बादलीत.

इथे दोनच कपडे घेतले आहेत: इलास्टिकचा सैल पायजमा आणि मग्यार बाहीची, म्हणजे अंगाच्या कापडातच येणाऱ्या बाहीची कुर्ती. दोन्हींत चेन नाही, काजं-बटणं नाहीत, वेगळी बाही जोडणं नाही. आकडे सीट ४० इंच आणि छाती ३८ इंच धरून दिले आहेत. तुमचं माप वेगळं असेल तर सोबतचा हिशेब वापरा, माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

## १. कापड घेताना

उन्हाळ्यासाठी निखळ सुती घ्या. पायजम्याला कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन बरं. कुर्तीला कॅम्ब्रिक, वॉइल किंवा मलमल चालेल. पण पहिलीच वेळ असेल तर मलमलीच्या वाटेला जाऊ नका. ती कात्रीखाली सरकते, सुईखाली गोळा होते आणि तुमचा आत्मविश्वास घेऊन जाते. पहिला पायजमा कॅम्ब्रिकचाच करा.

मंगलदास मार्केट असो, लक्ष्मी रस्ता असो की गावातलं नेहमीचं दुकान, कापड फाडायला सांगण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची इंचांतली रुंदी, विचारायचा. तेच कापड ३६ पन्ह्याचं आहे की ४४ की ५८, त्यावर सगळा हिशेब फिरतो. खाली दिलेला पायजमा ३६ आणि ४४ या दोन्ही पन्ह्यांत बसतो, आणि दोन्हींत कापड सारखंच लागतं, कारण एका लांबीत एकच पाय निघतो.

- पायजमा (पूर्ण उंची ३८ इंच): २.५ मीटर
- कुर्ती (उंची २८ इंच, गळ्याच्या पट्टीसह): २ मीटर

हे आकडे आटणं धरून आहेत. “सव्वादोनात होईल” असं दुकानदार म्हणाला तर तो न भिजवलेल्या कापडाचं बोलतोय.

तपासा: “प्युअर कॉटन” म्हणून दिलेल्यात पॉलिस्टर आहे का ते पाहायला किनारीचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात चुरते. वितळून काळा, कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. असं कापड उन्हाळ्यात अंगाला चिकटेल.

## २. भिजवणं, ही पायरी टाळायची नाही

सुती कापड पहिल्या धुण्यात सर्वसाधारण ३ ते ५ टक्के आटतं. टक्क्यांत सांगितलं की कुणी मनावर घेत नाही, म्हणून इंचांत सांगते: ३८ इंची पायजमा ५ टक्क्यांनी आटला की जवळजवळ २ इंच वर जातो. अडीच मीटरच्या तुकड्यातून सुमारे ५ इंच कापड गायब होतं. ते कात्री लावण्याआधी गायब झालेलं बरं.

१. दोन्ही कापलेल्या टोकांना मोठ्या टाक्याची टीप घाला किंवा झिगझॅग करा. नाहीतर धुताना धाग्यांची जटा होते.

२. कापड साध्या पाण्यात रात्रभर पूर्ण बुडवून ठेवा. घडी मोकळी असावी. घट्ट घडीत मधला भाग कोरडा राहतो.

३. सकाळी, पुढे हा कपडा जसा धुणार आहात तसंच धुवा. मशीनमध्ये गरम पाण्याने धुणार असाल तर आत्ताही तसंच. नुसतं गार पाण्यातून काढून पुढे गरम पाण्यात टाकलंत तर ते पुन्हा आटेल.

४. पिळू नका. निथळून, किनार सरळ धरून, सावलीत वाळत घाला.

५. किंचित दमट असतानाच इस्त्री करा. इस्त्री उभ्या धाग्याने, म्हणजे किनारीला समांतर फिरवा. तिरकी ओढली की कापड वाकडं होतं.

इंडिगो, गडद लाल, कलमकारी, ब्लॉक प्रिंट अशी कापडं वेगळ्या बादलीत. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायची, आणि ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून पाहायचा. रुमालावर रंग उतरला तर या कापडाला पांढऱ्या दोऱ्याची टीप आणि पांढरी पट्टी लावण्याचा विचार सोडून द्या.

मलमल किंवा वॉइल घेतलंच असेल तर शेवटच्या पाण्यात भाताची पातळ, गाळलेली पेज घाला. वाळून इस्त्री केल्यावर कापड कागदासारखं उभं राहतं, खडूची रेघ नीट उमटते आणि कात्रीखाली ते पळत नाही. शिवून झाल्यावर एका धुण्यात खळ निघून जाते.

सावध: इलास्टिक आणि सुती नाडीही भिजवून वाळवून घ्या. नाडी आटली की नेफ्याला, म्हणजे नाडी किंवा इलास्टिक ओवायच्या कंबरेच्या दुमडीला, चुण्या पडतात, आणि कारण शोधत बसावं लागतं.

## ३. मापं: अंगावरून चार, कपड्यावरून दोन

टेप हलका टेकवायचा, आवळायचा नाही. साडी किंवा जाड सलवार नेसून माप घेऊ नका.

पायजम्यासाठी:

- सीटचा घेर: नितंबांच्या सर्वांत रुंद भागावरून. कंबरेवरून नव्हे. पोट पुढे असेल तर पोटावरचा घेरही घ्या आणि दोन्हींतला मोठा आकडा धरा.
- आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पाय जुळतात तिथपर्यंतची खोली: सपाट खुर्चीवर ताठ बसा. इलास्टिक जिथे येणार तिथपासून खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंत बाजूने मोजा. त्यात १ इंच मिळवा. माझ्या उदाहरणात १० अधिक १, म्हणजे ११.
- उंची: कंबरेपासून घोट्यापर्यंत, बाजूने. इथे ३८.

कुर्तीसाठी छातीचा घेर अंगावरून घ्या. उंची आणि बाहीची लांबी मात्र तुमच्या आवडत्या, नीट बसणाऱ्या सैल कपड्यावरून मोजा. अंगावर स्वतःच टेप लावून खांद्यावरून माप घेताना मान वाकते आणि अर्धा-एक इंच हमखास चुकतो.

आता माया. शिलाईसाठी रेघेबाहेर जे कापड सोडतो ती माया. निम्म्या बिघडलेल्या कपड्यांचं मूळ हे असतं की माप काढणाऱ्या बाईने माया धरली आणि शिवताना वेगळ्याच अंतरावर टीप घातली. माझी पद्धत अशी: आधी शिलाईची रेघ आखायची, मग तिच्या बाहेर अर्धा इंचावर कापायची रेघ. कापडावर दोन रेघा दिसायला हव्यात. खाली दिलेली सगळी मापं शिलाईच्या रेघेची आहेत.

## ४. मशीन, पाच मिनिटांत

कॅम्ब्रिक-पॉपलिनला १४ नंबरची सुई, मलमल-वॉइलला ११. घरातल्या काळ्या मशीनला बहुधा कधीकाळी पडदे शिवायला लावलेली १६ नंबरची सुईच अडकलेली असते. ती बदला. टाका साधारण अडीच मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला १० टाके.

त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर वीतभर टीप मारून पाहा. खाली दोऱ्याचं घरटं होत असेल तर बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. दाबपट्टी वर करून दोरा पुन्हा ओवा. सुरुवात करताना वरचा आणि बॉबिनचा असे दोन्ही दोरे मागे धरून ठेवा. पातळ कापड सुईबरोबर खाली खेचलं जात असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवून टीप मारा आणि नंतर कागद फाडून काढा.

## ५. पायजमा बेतणं

या बेतात बाहेरच्या बाजूला शिलाईच नाही. पुढचा आणि मागचा भाग एकाच तुकड्यात येतो. शिलाई कमी, चुकायला जागा कमी.

१. भिजवलेलं कापड लांबीत मधोमध दुमडा, सुलटीवर सुलट. पूर्ण पन्हा उघडा राहील आणि दोन थर होतील. अशा दुमडीमुळे दोन्ही पाय आपोआप एकमेकांचे आरसे निघतात.

सावध: पाय एकेक करून, दोन्ही वेळा सुलट वर ठेवून कापलेत तर दोन्ही एकाच बाजूचे निघतात. मी माझ्या दुसऱ्याच पायजम्यात हे केलं होतं, आणि वर तो चौकड्यांचा होता. त्याच्या पिशव्या झाल्या.

सावध: छपाईला वर-खाली असेल (झाडं, हत्ती, कोयऱ्या) तर नुसत्या दुमडीने एका पायावरचे हत्ती उलटे होतात. तेव्हा कापड मधोमध कापून वरचा थर अर्धं वर्तुळ फिरवा. सुलटीवर सुलट तशीच राहिली पाहिजे.

२. कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर, वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ आखा. ही पायाची बाहेरची बाजू. डावीकडे पुढचा भाग, उजवीकडे मागचा. मागच्या भागात “मा” लिहूनच ठेवा, दोन्ही थरांच्या उलट बाजूंवर. रेघ नेमकी मधोमध नको, डावीकडे १ इंच सरकवलेली हवी, कारण मागचा भाग रुंद असतो.

३. वरून ३.५ इंच सोडून आडवी कंबरेची रेघ. ही जागा नेफ्यासाठी आणि मागच्या चढासाठी. तिथून खाली ११ इंचांवर आसनाची रेघ आणि ३८ इंचांवर मोहरीची, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाची रेघ.

४. कंबरेच्या रेघेवर दोन्हीकडे सीटचा चौथा भाग अधिक दीड इंच. म्हणजे ४० ÷ ४ = १०, अधिक १.५ = ११.५.

५. आसनाच्या रेघेवर पुढे सीटचा सोळावा भाग वाढवा: ४० ÷ १६ = २.५. म्हणजे उभ्या रेघेपासून १४. मागे त्याहून २ इंच जास्त, म्हणजे ४.५ वाढवा: एकूण १६.

६. मागच्या बाजूच्या टोकाला कंबरेची रेघ दीड इंच वर न्या आणि तिथून उभ्या रेघेपर्यंत हलक्या उताराने आणा. हा चढ वगळला की बसल्यावर पायजमा मागून खाली ओढला जातो. बाजारचे स्वस्त पायजमे खाली वाकताना का घसरतात, त्याचं कारण बहुधा हेच.

७. आता आसनाची गोलाई. कंबरेच्या टोकापासून सरळ खाली या, आणि आसनाच्या रेघेच्या साधारण ३ इंच वर वळायला सुरुवात करा. पुढची गोलाई थोडी आखूड, मागची पसरट. कोपरा ठेवू नका. चौकोनी आसन चालताना टोचतं.

८. मोहरीवर दोन्हीकडे आसनाच्या टोकापेक्षा ५.५ इंच आत या: पुढे ८.५, मागे १०.५. दोन्हीकडे सारखंच आत आलं पाहिजे, तरच पायाच्या आतल्या दोन कडा सारख्या लांबीच्या होतात. एकीकडे ५ आणि दुसरीकडे ७ आलात तर शिवताना एक कड उरते आणि पाय पिळतो.

९. मोहरीच्या खाली दुमडीसाठी २ इंच, पण ते सरळ खाली. तिरकी रेघ तशीच पुढे नेलीत तर दुमडीचा घेर पायापेक्षा लहान होतो आणि पलटताना ताणावा लागतो. वर नेफ्यासाठी कंबरेच्या रेघेच्या बाहेर पावणेदोन इंच, हेही सरळ वर.

१०. बाकी सगळीकडे अर्धा इंच माया आखून कापा.

कापण्याआधी तपासा: आसनाच्या रेघेवरची रुंदी ११.५ + ११.५ + २.५ + ४.५ = ३०, माया धरून ३१. भिजवल्यावर ३६ चा पन्हा साधारण साडेचौतीस उरतो, त्यात बसतं. तुमची सीट ४४ च्या पुढे असेल तर ४४ पन्हाच घ्या.

## ६. पायजमा शिवणं

इथे क्रम बदलायचा नाही.

१. आधी प्रत्येक पाय वेगळा. सुलटीवर सुलट ठेवून आतली कड आसनापासून मोहरीपर्यंत शिवा. दोन वेगवेगळ्या नळ्या तयार होतील. मायेच्या कडांना झिगझॅग करा. तुमचं मशीन फक्त सरळ टीप मारत असेल तर माया आत दुमडून कडेवर एक टीप.

२. मग नळीत नळी. एक पाय सुलट करा, दुसरा उलटाच ठेवा. सुलट पाय उलट्या पायात घाला. आता दोघांच्या सुलट बाजू एकमेकींना लागल्या आहेत. “मा”वर “मा” आलं का पाहा. पायाच्या आतल्या दोन शिलाया एकावर एक आणून तिथे पहिली टाचणी लावा.

३. त्या टाचणीपासून एका बाजूला कंबरेपर्यंत शिवा. परत टाचणीपाशी येऊन दुसऱ्या बाजूला कंबरेपर्यंत. मग गोलाईच्या भागात पाव इंच आत दुसरी टीप. आसन उसवतं ते एकेरी टिपेमुळे.

तपासा: नळी बाहेर काढून पायजमा हातात धरा. चड्डीचा आकार दिसायला हवा. घागऱ्यासारखी एकच मोठी नळी दिसत असेल तर तुम्ही पहिल्या पायरीत आसन आणि पाय यांची गल्लत केली आहे. उसवा, कापड शाबूत आहे.

४. नेफा. वरची कड पाव इंच आत, मग पुन्हा दीड इंच दुमडून इस्त्री करा. त्याआधी पुढच्या-मागच्या शिलाईची माया नेफ्याच्या उंचीएवढी एका बाजूला चपटी करून टिपेने बसवा. हे केलं नाही तर सेफ्टी पिन नेमकी त्या मायेत शिरते आणि अडकून बसते. खालच्या कडेने टीप मारा, मागे २ इंच मोकळे सोडा.

५. इलास्टिक. १ इंच रुंदीचं घ्या. लांबी ठरवायला आकडेमोड नको. कंबरेभोवती लावून बसा, उठा, दीर्घ श्वास घ्या. जिथे बरं वाटतं तिथे खूण करून त्यात जोडासाठी १ इंच मिळवा. साधारणपणे कंबरेपेक्षा ३-४ इंच कमी येतं. जेवणाआधी मोजू नका.

६. दुसरं टोक नेफ्याबाहेर पिन करून ठेवा आणि मग ओवा. ते टोक आत ओढलं गेलं की सगळं पुन्हा करावं लागतं. इलास्टिक पिळलं नाही ना पाहून टोकं १ इंच एकावर एक ठेवा, चौकोनी टीप मारा आणि मोकळी जागा बंद करा. शेवटी मागच्या आणि पुढच्या शिलाईवरून नेफ्याला उभी टीप, म्हणजे इलास्टिक आत लोळणार नाही.

७. मोहरी शेवटी. घालून पाहा, मगच दुमडा.

## जुनी सुती साडी वापरणार असाल तर

आईची मऊ झालेली सुती साडी हे यासाठी सर्वांत चांगलं कापड. ते आधीच आटलेलं असतं आणि काठ मोहरीला किंवा कुर्तीच्या खालच्या कडेला येतो, त्यामुळे दुमडीचं कामच वाचतं. पण आधी फॉल उसवा आणि साडी उजेडाकडे धरून इंचन् इंच पाहा. निऱ्यांच्या भागात आणि खालच्या काठालगत कापड विरलेलं असतं. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग फक्त बाहीकडे किंवा पट्टीला जाऊ द्या, आसनाजवळ अजिबात नाही. सीटवर फाटलेला पायजमा पुन्हा जोडण्यात अर्थ नसतो.

साडीची रुंदी साधारण ४५ इंच असते. पायजम्याला काठ धरून तेवढी उंची पुरते. काठ मोहरीला आणायचा म्हणजे कापड आडव्या धाग्यावर येतं, त्यामुळे वर सांगितलेली लांबीतली दुमड इथे लागू नाही: साडीतून पुरेशा रुंदीचे दोन तुकडे काढा आणि सुलटीवर सुलट, दोन्हींचा काठ खाली ठेवून मग बेता. काठ लावणार असाल तर मोहरीची २ इंच दुमड धरू नका, आणि मोहरीकडे निमुळता करू नका: तिरक्या कडेवर काठ वर-खाली दिसतो. सरळ, रुंद पायच ठेवा.

## ७. कुर्ती बेतणं

१. भिजवलेल्या कापडातून ३० इंचांचे दोन तुकडे काढा. उरलेलं पट्टीसाठी बाजूला. दोन्ही तुकडे उभे, पन्ह्यात मधोमध दुमडून एकावर एक ठेवा, घड्या एका बाजूला. चार थर झाले. छपाई दोन्हींत वरच्या दिशेने आहे का पाहा. चारही थर टाचण्यांनी बांधा.

२. वरून अर्धा इंच सोडून आडवी रेघ. पुढची सगळी उभी मापं इथून.

३. घडीपासून १५ इंचांवर बाहीचं टोक. तिथे खांदा दीड इंच उतरवा आणि गळ्यापासून तिथपर्यंत सरळ रेघ. उतार दिला नाही तर काखेत कापडाचा बोचका जमतो.

४. बाहीच्या टोकाला उतारापासून ७.५ इंच खाली बाहीची उघडी बाजू.

५. अंगाची रुंदी: छातीचा चौथा भाग अधिक २ इंच. ३८ ÷ ४ = ९.५, अधिक २ = ११.५. ही खूण वरून १२ इंचांवर करा आणि बाहीच्या खालच्या टोकापासून तिथपर्यंत मोठी, मऊ गोलाई काढा. खाली उतरताना ही रुंदी हळूहळू १३ पर्यंत जाऊ द्या. उंची २८, खाली दुमडीसाठी १ इंच. बाहीच्या टोकालाही १ इंच.

६. गळा: घडीपासून सव्वातीन इंच रुंद, मागे २ इंच खोल, पुढे ६ इंच खोल. गळ्याला वेगळी माया नाही.

७. माया सोडून कापा. गळा कापताना थांबा. आधी चारही थरांतून फक्त मागचा, २ इंचांचा गळा कापा. मग पुढचा तुकडा वेगळा उचलून त्याचाच गळा ६ इंचांपर्यंत उतरवा. घाईत चारही थर ६ इंच कापले जातात, आणि मग मागून नाडी लावायची शोभा करावी लागते.

तपासा: टेप कडेवर उभा धरून पुढचा आणि मागचा पूर्ण गळा मोजा. वरच्या मापांना तो साधारण २३ इंच येतो, शिवल्यावर थोडा वाढतो. तुमच्या डोक्याचा घेर कपाळावरून मोजा. गळा त्याहून कमी असेल तर पुढून अर्धा इंच खाली उतरा. रुंदी वाढवू नका, रुंद गळाच खांद्यावरून घसरतो.

## ८. कुर्ती शिवणं

१. कापल्याबरोबर, काहीही जोडण्याआधी, पुढच्या आणि मागच्या गळ्याच्या कडेलगत, अंदाजे एक अष्टमांश इंच आत, एकेरी टीप मारून ठेवा. गळ्याची कड तिरक्या धाग्यावर असते. ती नुसत्या हाताळण्याने ताणली जाते आणि मग तोंड उघडं पडलेला गळा कितीही पट्टी लावली तरी बसत नाही.

२. दोन्ही खांदे शिवा. इस्त्री करून माया मागे वळवा.

३. उरेब पट्टी. उरलेल्या तुकड्याची किनार आडव्या धाग्यावर आणून त्रिकोण करा. त्या तिरक्या घडीला समांतर, सव्वा इंच रुंदीच्या दोन पट्ट्या काढा. त्यांची टोकं काटकोनात ठेवून जोडा, समोरासमोर नाही. सरळ धाग्यावर कापलेली पट्टी गोलाईवर वळतच नाही. गळ्याला सुरकुत्या येतात त्या यामुळे, तुमच्या हातामुळे नाही.

४. पट्टी सुलटीवर सुलट ठेवून, एका खांद्यापासून सुरू करून, पाव इंचावर टीप. पुढच्या गोलाईत पट्टी अगदी किंचित ओढती ठेवा, गळा मात्र ओढायचा नाही. मग गोलाईत दर अर्ध्या इंचावर मायेला बारीक कट द्या, टिपेच्या अलीकडेच थांबून.

५. पट्टी आणि माया बाहेर वळवून, पट्टीवर, शिलाईलगत एक टीप. ही टीप गाळली की पट्टी धुतल्यावर बाहेर डोकावते. नंतर पट्टी पूर्ण आत पलटून, कड दुमडून शिवा. हातशिलाई करायचा कंटाळा नसेल तर इथे ती मशीनपेक्षा छान दिसते.

६. बाह्यांच्या कडा आत्ताच, कपडा सपाट उघडा असताना दुमडून घ्या. नळी झाल्यावर मशीनच्या बाहूवर ती चढवत बसण्यात अर्धा तास जातो.

७. बाहीच्या टोकापासून काखेतून खाली बाजूपर्यंत एकच सलग टीप. खालून ६ इंच चिरीसाठी सोडा, आणि चिर जिथे सुरू होते तिथे पुढे-मागे टीप मारून पक्कं करा. काखेच्या गोलाईत दुसरी टीप, मग मायेला तीन-चार कट. कट न देता हात वर केलात की सगळी कुर्ती बरोबर वर येते.

८. चिरीच्या कडा आत दुमडा. त्यानंतर खालची दुमड.

मलमलीची कुर्ती असेल तर खालची दुमड घालण्याआधी ती एक रात्र हँगरला टांगून ठेवा. सैल विणीचं कापड तिरक्या भागात स्वतःच्या वजनाने उतरतं, बाजूंना जास्त. सकाळी जमिनीपासून सारखं अंतर मोजून पुन्हा कड आखा, उतरलेलं कापा आणि मग दुमडा.